घराच्या हप्त्याआधी बाकीचे हप्ते: कोणतं कर्ज आधी फेडायचं?

पहिलं घर घ्यायचं ठरलं की लोक आधी फ्लॅट बघायला जातात, मग बँकेत जातात, आणि पर्सनल लोन, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड यांचा विचार बँकेनं आकडा सांगितल्यावर सुरू होतो. तोवर टोकन दिलेलं असतं. हा क्रम उलटा करायचा, एवढ्यासाठी हा लेख. नोकरदार आणि पहिल्यांदाच गृहकर्जाच्या वाटेला जाणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलाय. आकडे पुणे-पिंपरी चिंचवडचे आहेत, पण हिशोबाची रीत कुठेही तीच.

आधी बँक काय बघते ते समजून घ्या

आपण म्हणतो, "माझ्यावर सहा लाखांचं कर्ज आहे." बँकेला त्या सहा लाखांत फारसा रस नसतो. दर महिन्याला तुमच्या पगारातून किती रक्कम आधीच दुसरीकडे जाते, हे ती बघते. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 40 ते 60 टक्क्यांपर्यंत सगळे हप्ते मिळून जावेत, अशी बँकांची मर्यादा असते. ती पगारानुसार आणि बँकेनुसार बदलते. आपण मधला 50 टक्के धरू.

8.5 टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर एक लाखाच्या गृहकर्जाला महिन्याला सुमारे 868 रुपये हप्ता पडतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण तोच उलटा फिरवला की दुसरा, जास्त उपयोगाचा आकडा मिळतो: दुसऱ्या कुठल्याही कर्जाचा 1,000 रुपये हप्ता म्हणजे गृहकर्जातून सुमारे 1 लाख 15 हजार वजा. मोबाइलचा 2,000 रुपयांचा हप्ता चालू असेल, तर बँकेच्या लेखी तुमची ऐपत सव्वादोन लाखांहून जास्त घटलेली असते. मोबाइलची किंमत तेवढी नसली तरी.

सगळी देणी एका कागदावर

यात लपवालपवी नको, स्वतःशी तर नकोच. प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहा: बाकी रक्कम, हप्ता, व्याजदर, आणि किती हप्ते उरलेत. बाकी रक्कम अंदाजानं लिहू नका. बँकेच्या ॲपवर किंवा शाखेत आज कर्ज बंद केलं तर भरावी लागणारी रक्कम विचारा. हप्ता गुणिले उरलेले महिने ही ती रक्कम नव्हे.

लोक हमखास विसरतात ती देणी अशी. पगारदार पतसंस्थेचं कर्ज: ते पगारातूनच कापून जातं म्हणून जाणवत नाही, पण पगारपत्रकावर ती कपात छापलेली असते आणि बँक पगारपत्रक मागतेच. भिशी: उचल घेऊन झाली असेल तर पुढची प्रत्येक वर्गणी म्हणजे कर्जाचा हप्ताच. "नो कॉस्ट" म्हणून घेतलेला टीव्ही, ॲपवरचं "आत्ता घ्या, नंतर द्या". मामाकडून किंवा मित्राकडून घेतलेले हातउसने पैसे: ते क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत, दिसत नाहीत, पण दर महिन्याला त्याच नावावर ठरावीक रक्कम जात असेल तर सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यात दिसते, आणि कर्ज अधिकारी विचारतो.

आणि खासगी सावकाराचं देणं असेल तर ते यादीत सगळ्यात वर. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. विनापरवाना सावकार छळत असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. नोंदणीकृत बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यांनाही सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

जामीनकीचं काय?

यावर जरा थांबू, कारण आपल्याकडे हा प्रश्न जितका मोठा आहे तितका तो कुणी लिहीत नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं पतसंस्थेचं कर्ज काढताना "फक्त सही कर" म्हटलं, आपण केली. मुळात करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. त्यानं हप्ते थकवले तर पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवते, आणि तो दाखला कर्जदारावर आणि जामीनदारावर दोघांवर चालतो. पगारावर जप्ती आली की गृहकर्जाचा विषय तिथेच थांबतो.

कर्ज बँकेचं असेल तर तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये ते "जामीनदार" म्हणून दिसतं आणि मूळ कर्जदाराची दिरंगाईही तिथे उमटते. म्हणून जिथे जिथे सही केली आहे त्या संस्थेत जाऊन कर्जखात्याची सद्यस्थिती विचारा. जामीनदार म्हणून तुम्हाला तेवढा हक्क आहे. बाहेर पडायचं असेल तर कर्जदाराला दुसरा जामीनदार द्यावा लागतो आणि संस्थेनं तो मान्य करावा लागतो. नुसतं "माझं नाव काढा" असं पत्र देऊन सुटका होत नाही. नात्यातल्या माणसाला हे सांगणं जड जातं, मला मान्य आहे. पण घराचा अर्ज नामंजूर झाल्यावर सांगणं त्याहून जड. आणि यापुढे निदान घराचा ताबा मिळेपर्यंत नव्या जामीनकीला सरळ नकार द्या. "बँकेनं अट घातलीय" म्हणा हवं तर.

रिपोर्ट काढा, तोही फुकट

ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट कंपन्यांनी प्रत्येकी वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा पैसे भरायची गरज नाही. आपला रिपोर्ट आपणच काढल्यानं क्रेडिट स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या सवयीचे गुण, घटत नाही. घटतो तो पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्यानं. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, आणि 750 च्या वर असला की बोलणं सोपं जातं. व्याजदरही बऱ्याच बँकांत स्कोअरवर ठरतो.

रिपोर्टमध्ये स्कोअरपेक्षा खालची खाती नीट वाचा. फेडून झालेलं कर्ज अजून "चालू" दिसतंय का? कधीच न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी थकीत दिसतेय का? 590 रुपयांच्या थकलेल्या फीनं चाळीस लाखांचं प्रकरण अडतं. चूक दिसली तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

आता क्रम लावा

बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो: सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा. नुसतं कर्जमुक्त व्हायचं असेल तर हा सल्ला बिनचूक आहे. पण घर घ्यायचं असेल तर त्याच्या जोडीला आणखी एक माप लावावं लागतं: एक लाख रुपये भरल्यावर महिन्याचा किती हप्ता सुटतो?

उदाहरण घेऊ. हातातला पगार 75,000 रुपये, पतसंस्थेची कपात व्हायच्या आधीचा. देणी अशी:

- पर्सनल लोन: बाकी 4 लाख, हप्ता 13,500
- दुचाकी: बाकी 30,000, हप्ता 3,800
- क्रेडिट कार्ड: थकबाकी 90,000, बँक त्याच्या 5 टक्के म्हणजे 4,500 हप्ता धरते
- पतसंस्था: बाकी 1 लाख 20 हजार, कपात 5,000

एकूण 26,800. पगाराच्या निम्मे म्हणजे 37,500. उरले 10,700, आणि त्यात बसणारं गृहकर्ज जेमतेम 12 लाख 30 हजारांचं. देणी नसती तर हाच माणूस 43 लाखांना पात्र होता.

समजा त्याच्याकडे बाजूला 3 लाख आहेत. पर्सनल लोन सर्वांत मोठं दिसतं म्हणून त्यानं तिथे 3 लाख भरले, तर बँक सहसा मुदत कमी करते आणि हप्ता 13,500 च राहतो. म्हणजे गृहकर्जाच्या दृष्टीनं लगेचचा फायदा शून्य. हप्ता कमी करून द्या, असं लेखी मागावं लागतं, आणि सगळ्या बँका ते देत नाहीत. त्याऐवजी कार्ड, दुचाकी आणि पतसंस्था ही तीन खाती साफ केली तर 2 लाख 40 हजारांत 13,300 रुपयांचा हप्ता सुटतो. गृहकर्जाची ऐपत 15 लाखांनी वाढते आणि 60,000 हातात उरतात. दुचाकीच्या 30,000 नीच त्यातले सव्वाचार लाखांहून जास्त मिळतात!

काही बँका शेवटचे मोजकेच हप्ते राहिलेलं कर्ज हिशोबातून वगळतात. किती महिन्यांपर्यंत वगळतात हे आपल्या बँकेत आधी विचारा. कदाचित दुचाकीचे 30,000 भरायचीही गरज पडणार नाही.

कार्डाचं वेगळं

क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र व्याजाच्या मापानं पहिल्या नंबरावरच येते. 90,000 थकबाकीवर महिना 3.5 टक्के व्याज म्हणजे 3,150, त्यावर 18 टक्के जीएसटी 567. तुम्ही किमान रक्कम म्हणून 4,500 भरलेत तर मुद्दल कमी झाली फक्त 783 रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. म्हणून फेडेपर्यंत ते कार्ड खिशातून काढा आणि ॲपवरच्या सेव्ह केलेल्या जागांवरूनही काढा.

एकरकमी पैसे नसतील तर ती थकबाकी स्वस्त कर्जात वळवणं हा वाईट मार्ग नाही. 90,000 रुपये 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 4,320 येतो. किमान रकमेपेक्षाही कमी, आणि दोन वर्षांत संपतो. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण याहून स्वस्त पडतं, पण दागिने कुणाचे आहेत आणि तिला विचारलंय का, हा प्रश्न बँक विचारत नाही. तो तुम्ही विचारा.

कार्ड फेडून झालं की सगळीच कार्डं रागानं बंद करू नका. सर्वांत जुनं, बिनफीचं एक ठेवा, मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत वापरा, पूर्ण बिल भरा. बाकीची बंद करायची तर लेखी विनंती करा. देणं शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद करायलाच हवं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड तिच्यावर.

पर्सनल लोन बंद करताना

आपल्या उदाहरणातल्या माणसाकडे आता सुटलेले 13,300 आणि चालू हप्ता 13,500 असे 26,800 दर महिन्याला आहेत. व्याज 14 टक्के धरलं तरी चार लाखांचं कर्ज सतरा महिन्यांत संपतं. अडचण एवढीच की अनेक बँका वर्षातून एकदा-दोनदाच अंशतः भरणा घेतात. तसं असेल तर सुटलेले पैसे आवर्ती ठेवीत साठवा आणि एकदम खातं बंद करा.

बंद करण्याआधी मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क बघा. बाकी रकमेच्या 2 ते 5 टक्के आणि वर जीएसटी असं ते बऱ्याच ठिकाणी असतं. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत बँकेला मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. त्यात हे शुल्क छापलेलं असतं. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांवर, ती बिगर-व्यावसायिक कामासाठी व्यक्तीनं घेतलेली असतील तर, असं शुल्क लावता येत नाही. पण पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं, त्यामुळे या नियमावर विसंबून राहू नका. शेवटचे पाच-सहा हप्ते उरले असतील तर व्याज फार उरलेलं नसतं. तेव्हा शुल्क भरून बंद करायचं की नाही, हे वजाबाकी करूनच ठरवा.

सेटलमेंट नको

थकलेल्या कर्जासाठी बँकेचा फोन येतो: "एक लाख वीस हजार आहेत, सत्तर भरा, विषय संपवू." मोह होतो. पण रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" येतं, आणि गृहकर्ज देणारा त्याचा अर्थ "यानं पूर्ण पैसे दिले नाहीत" असाच घेतो. तो शेरा वर्षानुवर्षं राहतो. आधीच सेटलमेंट झाली असेल तर बँकेशी बोलून उरलेली रक्कम भरा, ना-देय दाखला घ्या आणि रिपोर्ट दुरुस्त करून घ्या. तेव्हा वाचवलेले पन्नास हजार आता द्यायचे म्हणजे जिवावर येतं खरं.

कागद घेतल्याशिवाय कर्ज संपत नाही

प्रत्येक खातं बंद झालं की ना-देय दाखला घ्या. पतसंस्थेत त्याला बेबाकी दाखला म्हणतात. पतसंस्थेचं कर्ज संपल्यावर पुढच्या पगारात कपात थांबली ना, हेही बघा. कार्यालयाला पत्र उशिरा गेलं तर एखादी कपात होऊन जाते. गाडीचं कर्ज असेल तर दाखल्यासोबत फॉर्म 35 घेऊन आरटीओकडून आरसीवरचा बोजा उतरवा. कोरे धनादेश दिले असतील तर परत मागा, खात्यावरचा ऑटो-डेबिटचा आदेश रद्द करा.

जानेवारी 2025 पासून बँका महिन्यातून निदान दोनदा क्रेडिट कंपन्यांना माहिती देतात. तरी महिना-दीड महिना थांबून रिपोर्ट पुन्हा बघा आणि मगच गृहकर्जाचा अर्ज करा. या काळात नवा फोन हप्त्यावर नाही, नवं कार्ड नाही, मॉलमधल्या टेबलावर "फक्त पॅन नंबर द्या" म्हणणाऱ्यालाही नाही.

सगळंच फेडू नका

इथे उत्साहाच्या भरात चूक होते. सगळी शिल्लक कर्जात ओतली आणि घरासाठी हातात काही उरलं नाही, तर पुढचं पाऊल अडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के, आणि त्याहून वर 75 टक्के एवढीच कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत.

पिंपरी चिंचवडमधला 55 लाखांचा तयार फ्लॅट घ्या. बँक जास्तीत जास्त 44 लाख देईल, तेही पगारात बसलं तर. स्वतःचे 11 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 3 लाख 85 हजार, नोंदणी 30,000. झाले 15 लाख 15 हजार. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटीचे आणखी 2 लाख 75 हजार. शिवाय तीन-चार महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळे ठेवायचे, ते या हिशोबात नाहीतच. तेव्हा 75,000 पगाराच्या माणसानं दोन-तीन वर्षांचा कार्यक्रम आखावा किंवा लहान, जुनं घर बघावं. एजंट हे सांगणार नाही.

म्हणून शैक्षणिक कर्जासारखं कमी व्याजाचं, छोट्या हप्त्याचं कर्ज नियमित चालू असेल तर ते चालू राहू द्या. जुन्या करप्रणालीत असाल तर त्याच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावटही मिळते. उलट, स्वतःचा हिस्सा भरायला पर्सनल लोन काढणं म्हणजे मागच्या सगळ्या पायऱ्यांवर पाणी. तो हप्ता गृहकर्जाच्या मंजुरीत लगेच दिसतो.

कर्जं संपली की भविष्यातला हप्ता आणि सध्याचं भाडं यांतला फरक दरमहा बाजूला टाकायला लागा. 40 लाखांच्या कर्जाचा हप्ता 34,700 आणि भाडं 16,000 असेल तर 18,700. वर्षात सव्वादोन लाख जमतात आणि तो हप्ता झेपतो की नाही, हे घर घ्यायच्या आधीच कळतं.

मंजुरीपत्र आधी, टोकन नंतर

गुढीपाडवा आणि दसऱ्याच्या जाहिरातींत "आजच बुक करा" असतं. बँकेचं मंजुरीपत्र सहसा तीन ते सहा महिने चालतं, ते आधी हातात घ्या. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम 13 सांगतं.

आणि एकट्याच्या पगारात आकडा बसत नसेल तर पती किंवा पत्नीला सहअर्जदार करता येतं, पण मग त्यांचेही हप्ते मोजले जातात. त्यांचा रिपोर्ट त्याच दिवशी काढा, जामीनकीसकट. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे वरच्या फ्लॅटवर 55,000. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती जाते. कर्जात मात्र तो सहअर्जदार राहू शकतो, मालक असलाच पाहिजे असं नाही. कराराचा मसुदा करायला द्यायच्या आधी हे घरात बोलून घ्या.